अल्क ८.२, तरी कोरल जागच्या जागी: पावसाळ्यात अडलेली वाढ

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या मॉन्टी कॅप या कोरलच्या काठावर पांढरी रेघ, म्हणजे नवी वाढ, परत आली आहे. जेमतेम एक मिलिमीटर, पण सलग. जूनच्या मध्यापासून ती गायब होती.

वाढ थांबली तेव्हाचे, मागच्या नोंदीत दिलेले आकडे असे: निव्वळ पाणी २०० लिटर, खारटपणा ३५ पीपीटी, कॅल्शियम ४२५, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०६, अल्क (अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा साठा; एकक डीकेएच) ८.२. खोट काढायला जागाच नाही, म्हणून संशय लाइटवर गेला. लाइट दहा टक्के वाढवला, तर स्टायलो या दुसऱ्या कोरलचा माथा फिकटला. पुन्हा खाली आणला.

चूक आकडे वाचण्यात होती. अल्क किती आहे यापेक्षा रोज किती खपतो, हे बघायला हवं होतं. डोसिंग पूर्ण थांबवून ४८ तासांच्या अंतराने, लाइट लागायच्या आधी मोजलं: एप्रिलमध्ये रोज १.१ डीकेएच, जुलैत ०.३५. कॅल्शियमच्या टेस्टवर हे पकडता येत नाही. २.८ डीकेएच खपल्यावर कॅल्शियम २० पीपीएम उतरतं, म्हणजे दोन दिवसांत फरक पाचच्या आसपास. तेवढा तर थेंब मोजण्यातच जातो.

मग काल्कचा (पाण्यात कालवून देतो त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा) हिशेब मांडला आणि घोळ सापडला. एटीओच्या, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या, पाण्यात लिटरला ०.७५ ग्रॅम काल्क. उन्हाळ्यात कूलिंग फॅन चालू, बाष्पीभवन दिवसाला ४ लिटर, म्हणजे अल्कमध्ये रोज १.१ डीकेएचची भर. बरोबर खपाइतकी! पावसाळ्यात हवाच ओली, फॅन कमी चालतो, बाष्पीभवन दीड लिटरवर. काल्कची भरही त्याच प्रमाणात घटली: रोज ०.४ डीकेएच. मध्यंतरी अल्क ६.६ पर्यंत घसरला होता तो यामुळे. तो बेकिंग सोड्याने पुन्हा ८.२ वर आणला (२०० लिटरला १ डीकेएचसाठी ६ ग्रॅम), पण वाढ परतली नाही. कारण काल्क अल्क देतो आणि सोबत पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही खातो. बेकिंग सोड्याने पीएच जागचा हलत नाही. त्यात पावसामुळे खिडक्या बंद, खोलीत माणसं, शेजारी स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त. पहाटेचा पीएच ७.७५. सांगाडा बनवताना कोरलला प्रोटॉन बाहेर टाकावे लागतात, आणि बाहेरचं पाणी जितकं आम्लाकडे झुकलेलं तितकं ते काम महाग पडतं.

दोष खोलीच्या हवेचाच आहे का, याची खात्री फुकटात होते. टँकच्या पाण्याचे दोन ग्लास, दोन्हींत एअरस्टोन, एक खोलीत आणि एक गॅलरीत, तासभर. पीएच खोलीतला ७.८०, गॅलरीतला ८.१०.

पहिला बेत: स्किमरची (हवेच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी गॅलरीत काढायची. नळी १२ मिमी हवी, बारीक घेतली तर लांबीमुळे हवा कमी ओढली जाते आणि फेस बसतो. टोकाला एल्बो खाली तोंड करून, म्हणजे पाऊस आत येणार नाही. नळी आणली, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीत डासांची धूरफवारणी. तो धूर स्किमरने ओढला तर क्लीनर श्रिंप आधी जातील. बेत रद्द.

त्याऐवजी सोडा लाइम, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातल्या छोट्या पाकिटापेक्षा भूल देण्याच्या मशीनसाठी मिळणारा डबा किलोमागे बराच स्वस्त पडतो. दाणे संपत आले की जांभळे होतात. जुन्या मीडिया रिअ‍ॅक्टरमध्ये भरले, दोन्ही टोकांना स्पंज, भुकटी आधी चाळून काढली (हातमोजे घाला, माल दाहक आहे). हवा स्किमरच्या कपमधूनच फिरवून घेतली, म्हणजे दाणे जास्त टिकतात. नवव्या दिवशी पीएच: पहाटे ८.०५, दुपारी ८.३. अल्कचा खप ०.३५ वरून ०.७५.

खप ०.७५ आणि काल्कची भर ०.४, या तुटीसाठी सोडा अ‍ॅश करायचं ठरलं होतं: बेकिंग सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर. १०० ग्रॅमचे ६३ झाले की रूपांतर पूर्ण, वजन जास्त भरलं तर पुन्हा आत. अर्धा किलो करूनही ठेवला. पण हे लिहिताना लक्षात आलं, पाणी कमी उडतंय तर काल्कच घट्ट का करू नये? लिटरला १.३ ग्रॅम, दीड लिटर, म्हणजे ०.७४ डीकेएच. खपाशी जुळतं! विरघळण्याची मर्यादा १.६ च्या आसपास, त्यामुळे तळाशी गाळही फारसा नाही. उद्यापासून हेच, सोडा अ‍ॅश राखीव. काल्क मात्र शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचाच. पानाच्या चुन्यात काय काय असतं ते पानवाल्यालाही माहीत नसतं.

एटीओच्या झाकणावर मार्करने लिहिलंय: ऑक्टोबर, ०.७५. उकाडा सुरू झाला आणि हाच १.३ चा काल्क चार लिटर गेला, तर रोज दोन डीकेएच, आणि हीटरवर पांढरी पुटं.

स्टायलो प्लगवर (तो चिकटवलेल्या चकतीवर) पसरू लागलाय. तिसऱ्या कोरलची, अ‍ॅक्रोची टोकं अजून गप्प आहेत.