धडधाकट दिसतेस, मग दरवर्षी एमआरआय कशाला?

लग्नकार्यात, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदाच सगळ्यांसाठी लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून. मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते आणि तिथे डाग पडतात. एवढं माझ्यामुळे तुम्हाला ठाऊक झालंय, जास्त सांगत नाही. ‘चालतेस, स्कूटर चालवतेस, मग कशाला पैसे घालवतेस आणि जीव टांगणीला लावून घेतेस?’ काळजीपोटी म्हणता, कळतं. तरी लागतं.

माझं बरं दिसणं हा पुरावा नाही. मेंदूत नवा डाग पडला की हातपाय बधिर होतातच असं नाही. एका रिलॅप्समागे, म्हणजे त्रास एकदा उफाळून येण्यामागे, पाच-दहा नवे डाग काही न जाणवता पडून जाऊ शकतात. ते एमआरआयवरच दिसतात. तेही आधीच्या स्कॅनशी ताडून पाहिल्यावर. त्यासाठी शक्यतो तेच मशीन, तीच पद्धत, तेवढ्याच जाडीचे काप लागतात. ‘जवळच्या सेंटरवर स्वस्तात होईल’ हे मी ऐकत नाही ते म्हणून.

माझं सगळ्यात चांगलं वर्ष सांगते. नणंदेचं लग्न झालं, सगळी धावपळ मी केली, पाय एकदाही अडखळला नाही. या वर्षी राहू दे, असं मलाही वाटत होतं. तरी गेले. डॉक्टरांनी स्क्रीनवर डावीकडे जुना, उजवीकडे नवा स्कॅन लावला आणि माउसचं चाक फिरवत दोन्ही एकदम वरून खाली नेऊ लागले. माझे जुने डाग मी आता ओळखते; ते दोन्हीकडे एकसारखे सरकत होते. मध्येच चाक थांबलं. उजवीकडे, मेंदूतल्या पोकळीच्या कडेला, एक पांढरा ठिपका. वाटाण्याएवढाही नाही. डावीकडे त्या जागी काहीच नाही. मग कॉन्ट्रास्टनंतरचं, म्हणजे ताजा दाह उजळून दाखवणारं औषध शिरेतून दिल्यावरचं चित्र लावलं, तर ठिपक्याची कड उजळलेली.

“इथे दाह चालू आहे. गेल्या काही आठवड्यांतलाच दिसतो.”

मी मनात मागे गेले. हळद, मांडव, वरात. त्या गर्दीत माझ्या डोक्यात हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

“पण हिला तर काहीच होत नाहीये,” नवरा म्हणाला.

“म्हणूनच औषध आत्ता बदलायचं.”

मला राग आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही. गोळ्या थांबल्या, सलाइनमधून औषध सुरू झालं.

निदानानंतर सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच वाद घालायचे: मला विचारा, फिल्मला काय विचारता? माझं तेव्हाचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. औषध बदलल्यापासून नवा डाग नाही, रिपोर्ट स्वच्छ. तरी दुपार झाली की अंगातलं त्राण जातं, उन्हात उजवा पाय जड होतो. डागांची संख्या आणि माणसाचा त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही, हे डॉक्टरही मान्य करतात. कॉन्ट्रास्ट अंगात राहील, ही तुमची भीतीही पोकळ नाही. त्यातल्या गॅडोलिनियम या धातूचे अंश मेंदूत उरतात हे २०१४ मध्ये समोर आलं; नेहमीच्या तपासणीत कॉन्ट्रास्ट सरसकट देऊ नये, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आहे. मलाही आता दरवेळी देत नाहीत.

रिपोर्ट असेच स्वच्छ राहिले तर दोन वर्षांनी एकदा चालेल का, असं मीच डॉक्टरांना विचारलंय. ते हो म्हणालेले नाहीत आणि हो म्हणाले तर मला बरं वाटेल का, तेही नक्की नाही. यंदाची तारीख मात्र घेतलीय. सोबत यायचं असेल तर या, पण ‘कशाला’ विचारू नका.