ओन्लीची जागा

शाळेच्या स्मरणिका समितीचा निरोप मोबाइलवर आला : ‘मनोगत, टू पेजेस ओन्ली.’ वाचून हसू आलं. आमचे इंग्रजीचे सर असते तर मजकुराचं राहू दे, आधी हा ओन्ली कुठे बसलाय ते त्यांनी पाहिलं असतं. आणि पासही केला असता. ताकीद द्यायची असेल, पाटी लिहायची असेल, तर ओन्ली शेवटी चालतो, ‘लेडीज ओन्ली’सारखा. एरवी त्यानं आपल्या धन्याच्या पुढे उभं राहायचं. हे मी १९७९ साली, आठवी ‘ब’च्या वर्गात, खरोखरच उभं राहून शिकलो.

तेव्हा आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. म्हणजे आठवीपर्यंत जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि सगळी वाक्यं आधी मराठीत जुळवून मग शब्दाला शब्द ठेवायची सवय. मराठीत ‘च’ दिसला की आम्ही डोळे मिटून ‘ओन्ली’ लिहायचो, तोही ‘च’ असतो तिथेच, शब्दाच्या मागे. ‘आय केम टुडे ओन्ली.’ ‘माय फादर ओन्ली टोल्ड मी.’ सरांनी एकदा सहामाहीच्या वह्या तपासून आणल्या आणि टेबलावर ठेवताना म्हणाले, “चाळीस वह्यांत मिळून दीडशे ओन्ली आहेत रे. इंग्लंडात वर्षभर पुरतील.”

दुसऱ्या दिवशी ते जुन्या कॅलेंडरची पानं कापून घेऊन आले. मागच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरांत शब्द. चार मुलांना फळ्यासमोर उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एकेक पान : ‘बंडू’, ‘एट’, ‘टू भाकरीज’, ‘ऑन संडे’. पाचवं पान ‘ओन्ली’. वर्गात सगळ्यात बुटका मी, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. “तू फिरता,” सर म्हणाले.

मी बंडूच्या आधी जाऊन उभा राहिलो. सरांनी वर्गाकडे पाहिलं. “बंडूनेच खाल्ल्या!” वर्ग ओरडला. म्हणजे बाकी घर उपाशी. मग मी बंडू आणि ‘एट’च्या मधे घुसलो. इथे जरा शांतता झाली. शेवटी मुलींच्या बाकावरून आवाज आला, “नुसत्या खाल्ल्या. थापल्या नाहीत, भाजल्या नाहीत.” सर खूश. ‘टू’च्या आधी गेलो : दोनच. तिसरी नाही. ‘ऑन संडे’च्या आधी : रविवारीच, बाकी सहा दिवस बंडूचे उपास. पान तेच, मुलगा तोच, चार पावलं इकडेतिकडे सरकलो की बंडूच्या घरातली परिस्थिती बदलत होती.

“मराठीचा ‘च’ शेपटीसारखा मागे चिकटतो,” सर म्हणाले. “इंग्रजीचा ओन्ली भालदार आहे. ज्याची वर्दी द्यायची त्याच्या पुढे चालतो.”

त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत माझं नाव ‘ओन्ली’ पडलं. मैदानावर, डबा खाताना, अगदी गॅदरिंगच्या नाटकातसुद्धा.

खरा धडा पुढच्या आठवड्यात झाला. उशिरा वर्गात शिरलेल्या एकाला सरांनी विचारलं, कुठे होतास? तो बिचारा व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, “सर, आय वॉज हियर ओन्ली.” सर शांतपणे म्हणाले, “एका वेळी एकाच ठिकाणी होतास, हे मला मान्य आहे. पुढे सांग.” मग खडू घेतला आणि फळ्याच्या मधोमध मोठा ‘च’ काढला. त्यातून बाण. ‘इथेच’ला ‘राइट हियर’. ‘आत्ताच’ला ‘जस्ट नाउ’. ‘दुसऱ्याच दिवशी’ला ‘द व्हेरी नेक्स्ट डे’. ‘तो येणारच’ला ‘ही इज शुअर टू कम’. ‘काहीच नाही’ला ‘नथिंग अ‍ॅट ऑल’. ओन्लीकडे जाणारा बाण एकच होता आणि तो ‘दोनच’चा. जिथे ‘च’च्या जागी ‘फक्त’ घालून वाक्य तसंच राहतं, तिथेच ओन्ली. जिथे आपण नुसता जोर देतोय, तिथे दुसरा शब्द शोधायचा. व्याकरणाच्या पुस्तकात मला हे इतकं सरळ पुढे कधी सापडलं नाही. सापडणार कसं? ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना ‘च’ कुठे ठाऊक होता!

सर हटवादी नव्हते, हेही सांगायला हवं. इंग्रज माणूस बोलताना ओन्ली सर्रास क्रियापदाआधी टाकतो आणि आवाजानं अर्थ दाखवतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. पुढे कळलं की फाउलर या इंग्रज कोशकारानं १९२६ साली ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्याची चक्क बाजू घेतली होती. पण सरांचं म्हणणं, कागदाला आवाज नसतो.

ते मला बँकेत लागल्यावर पटलं. नोकरीचं दुसरं वर्ष. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनवाल्यांची गर्दी सगळ्या खिडक्यांवर पसरू नये म्हणून साहेबांनी मला सूचना लिहायला सांगितली. मी झोकात लिहिली : ‘ओन्ली पेन्शनर्स विल बी पेड अ‍ॅट काउंटर थ्री.’ झालं! तीन नंबरला पैसे काढायला उभी असलेली मंडळी सूचना वाचून कुरकुरत रांग सोडून निघाली, आणि पेन्शनर मात्र खुशाल एक, दोन आणि चारवरही उभे. मला सांगायचं होतं, पेन्शन तीन नंबरलाच. मी सांगितलं, तीन नंबरला पेन्शनरच. रांगेतले एक धोतर-कोटातले आजोबा पुढे आले, खिशातलं पेन काढलं, माझा सुरुवातीचा ‘ओन्ली’ गोल केला आणि त्याला लांबलचक बाण काढून ‘अ‍ॅट’च्या आधी नेऊन सोडलं. बोलले काहीच नाहीत. अर्ध्या तासात रांगा लागल्या. आमचा ‘ओन्ली’ आठवी ‘ब’मध्ये चार पावलं सरकायचा तो असा, हे तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. कानही गरम झाले होते, ते वेगळं.

त्याच बँकेत पस्तीस वर्षं ओन्लीच्या संगतीत गेली. चेकवर दोन तिरप्या रेघांत ‘अकाउंट पेयी ओन्ली’. अक्षरी रकमेच्या शेवटी ‘ओन्ली’, मराठी चेकवर ‘फक्त’ किंवा ‘मात्र’. तिथे तो व्याकरणासाठी नसतो, कुंपण म्हणून असतो, पुढे कुणी ‘फाइव्ह हंड्रेड’ घुसवू नये म्हणून. मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला सांगायचो : सुरुवातीला जागा सोडू नका, ‘फाइव्ह’च्या आधी ‘ट्वेंटी’ बसतो. आणि ओन्ली आकड्याला चिकटवून लिहा.

समितीनं मागितलेली दोन पानं संपत आली. शाळेच्या नव्या वाचनालयासाठीचा चेक सोबत जोडलाय. ‘रुपीज टेन थाउजंड’नंतर ओन्ली चिकटवून लिहिलाय, आणि उरलेल्या जागेत रेघ मारलीय.