लॅपटॉपला शूर शिकवताना

हेगच्या सोनॉलॉजी संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीत शिकत असताना वर्गातल्या तेहरानच्या मैत्रिणीबरोबर शूर दस्तगाहवर (दस्तगाह म्हणजे साधारण आपल्या रागासारखी इराणी सुरांची चौकट) एक इलेक्ट्रॉनिक रचना करायचं ठरलं. सेतार हे नाजूक इराणी तंतुवाद्य तिचं, लॅपटॉप माझा. कल्पना काही नवी नव्हती. इराणी संगीतकार अलिरेझा मशायेखींनी १९६० च्या दशकातच ‘शूर’ नावाची इलेक्ट्रॉनिक रचना केली होती. तेही याच संस्थेत शिकलेले, ती युट्रेख्तला होती तेव्हा. दारियुश दौलतशाही या दुसऱ्या इराणी संगीतकाराची तार (हेही तंतुवाद्यच), सेतार आणि इलेक्ट्रॉनिक्सची रेकॉर्डही १९८५ ची.

खरी झटापट सुरांशी झाली. शूरमध्ये रिषभ कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी बसतो, बाकीचे सूर साधारण भैरवीचे. (माझा कान सारखा तिकडेच घसरायचा आणि ती हसायची.) सॉफ्टवेअरमधल्या तयार ट्यूनिंगमध्ये हा रिषभ षड्जापासून काटेकोर १५० सेंटवर (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). तिचा कधी १३५ च्या आसपास, कधी १४५. सेतारचे पडदे तातीचे, सरकवता येणारे. वाजवायला बसण्याआधी ती ते किंचित इकडेतिकडे करायची. ‘आज इथे हवाय,’ एवढंच स्पष्टीकरण. मग साठवलेली सुरावट मी काढूनच टाकली. दर वेळी आधी ती एकेक पडदा वाजवायची आणि प्रोग्रॅम तिथून सूर उचलायचा.

पण पंचमाने मात्र मला हादरवलं. आपल्याकडे पंचम अचल. शूरमध्ये तोच बदलता सूर आहे. काही जागी पाव स्वरासारखा खाली उतरतो. म्हणजे खाली तंबोऱ्यासारखा सा-प चा सिंथ भरून ठेवणं बाद. माझा सगळ्यात लाडका थर गेला, आणि त्याच्या जागी फक्त षड्जाचा, तोही मधूनमधून विझणारा सूर आला.

ताल-ठेक्याचा प्रश्न लवकर सुटला. आवाझचा, म्हणजे आलापासारख्या गायन-वादनाचा, मोठा भाग लयबद्ध नसतोच, त्यामुळे ठेका मोजून देणारा क्लिक ट्रॅक लावलाच नाही; तिच्या वाक्यांमधल्या विरामांवर प्रोग्रॅम पुढे सरकायचा.

सर्वांत मजा आली ‘रीझ’मध्ये. तर्जनीच्या नखाने तार इतकी भराभर छेडतात की आघातांची सलग झालर तयार होते. ग्रॅन्युलर सिंथेसिस तरी वेगळं काय करतं? आवाजाचे बारीक कण करून पुन्हा पसरतं. माइक अगदी जवळ लावला, कारण सेतारचा आवाज मुळात नाजूक, आणि नखाची खरखरही हवी होती. तिची रीझ कुठे संपते आणि माझे कण कुठे सुरू होतात ते ऐकणाऱ्याला कळू नये, एवढ्यावर आमचं एकमत झालं.

कण किती वेळ रेंगाळू द्यायचे, यावर मात्र अजूनही भांडतो.