सिझरनंतरचं पोट
लेक दीड वर्षाची झाली तरी परवा लोकलमध्ये एका काकूंनी उठून सीट दिली, कितवा महिना विचारलं, मी पण सातवा सांगून ठाण्यापर्यंत मस्त बसून आले. सासूबाईंचं एकच, सव्वा महिना पोट नीट बांधलं नाहीस! शेवटी फिजिओकडे गेले, तिने आडवं झोपवून डोकं जरा उचलायला लावलं नि बेंबीच्या वर बोटं दाबली, तीन बोटं आरामात आत. म्हणजे नुसती चरबी नाहीच, गरोदरपणात फाकलेले पोटाचे स्नायू परत जवळ आलेच नव्हते, आणि मी येडी रोज क्रंचेस मारतेय. आता श्वास सोडत हळूच पोट आत घ्यायचं, बस. टाक्यांवर लोंबणारी कातडी मात्र व्यायामाने फारशी जात नाही म्हणाली, जास्त असेल तर ऑपरेशनच. नको बाई, एकदा कापलंय तेवढं पुरे.