शिंगराच्या सांध्यांचे एक्स-रे : माझा अनुभव

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा पारखायचा म्हणजे अंगावरचे केसांचे भोवरे, त्यांतला गळ्यावरचा शुभ मानलेला देवमण आणि रेवाल ही संथ, न हिसकणारी चाल पाहायची, एवढीच परीक्षा आमच्या घरात ठाऊक होती. त्यामुळे स्टड बुकात, म्हणजे जातिवंत घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवहीत, नोंद असलेले, शर्यतीच्या थरोब्रेड जातीचे वर्षभराचे शिंगरू मी भागीदारीत घ्यायचे ठरवले आणि परभणीला शिकलेल्या आमच्या डॉक्टरांनी व्यवहारापूर्वी सगळ्या सांध्यांचे एक्स-रे काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा थोरल्या काकांना तो खर्च अनाठायी वाटला. शिंगरू लंगडत तर मुळीच नव्हते.

शिंगराला गुंगीचे इंजेक्शन देऊन, पुढचे गुडघे, खुरांवरचे सांधे, हॉक (मागच्या पायाचा घोट्यासारखा सांधा) आणि स्टायफल (मागच्या पायाचा मांडीलगतचा सांधा) यांची निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घेण्यात आली. डाव्या हॉकमध्ये टिबिया म्हणजे नडगीच्या हाडाच्या खालच्या कडेला एक सुटा तुकडा दिसला. वाढत्या वयात सांध्यातील कूर्चेचे हळूहळू हाड होत असते. एखाद्या ठिकाणी तिचा रक्तपुरवठा तुटला की तेवढा भाग कच्चा राहतो आणि पुढे त्याचा पापुद्रा सुटतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आनुवंशिकता, झपाट्याची वाढ आणि अतिखुराक ही या दोषाची, म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोसिसची, नेहमीची कारणे होत. हॉकमधील असा दोष साधारण 5 महिन्यांच्या वयानंतर सहसा आपोआप भरून येत नाही, त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

मी व्यवहार मोडायच्या बेतात होतो. परंतु दोष कोणत्या जागी आहे यावर घोड्याचे शर्यतीतील भवितव्य बरेचसे अवलंबून असते, आणि हॉकमधला तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढल्यावर बहुतेक घोडे व्यवस्थित धावतात, हे ऐकल्यावर विचार बदलला. हाच दोष स्टायफलच्या आतल्या बाजूला, मांडीच्या हाडात गाठीसारखा असता किंवा खुरावरच्या सांध्यामागची सिसॅमॉइड नावाची छोटी हाडे पोखरलेली दिसली असती, तर वजन आणि वेग दोन्ही पेलताना तो पाय दगा देण्याची शक्यता बरीच अधिक होती. डॉक्टरांनी तेव्हा खरेदीचा सल्ला दिलाच नसता. किंमत अर्थातच उतरली. काकांनी घासाघीस मनापासून केली, एक्स-रेच्या खर्चाची कुरबूर मात्र तेव्हापासून थांबली.

शस्त्रक्रिया पुण्याजवळ पूर्ण भूल देऊन, लहान छेदांतून झाली. त्यानंतरचा काळ खरा कंटाळवाणा होता : आधी तबेल्यातच विश्रांती, मग हाताने धरून फिरवणे, मग मोकळे सोडणे. रोज हॉकवर हात फिरवून सूज आणि ऊब तपासणे हे काम मी मोतद्दारावर सोडले नाही. सांध्यात पाणी भरणे थांबल्यावर आणि नवे एक्स-रे स्वच्छ आल्यावरच प्रशिक्षकांनी त्याला सरावाला घेतले.

पहिल्या शर्यतीत आमचे शिंगरू बरेच मागे राहिले. सांधा कोरडा होता, चालही सरळ होती. सुटतानाच ते दचकले असे प्रशिक्षकांचे म्हणणे पडले आणि मी ते मानले. काकांच्या मते दोष भोवऱ्याचा आहे.