लिथियम वर का तरंगतं?

गेल्या आठवड्यात कॉलेजातून नव्या लॅब असिस्टंटचा फोन आला. माझ्याच जागेवर लागलाय. पोरगा कामसू आहे, जरा घाबरट एवढंच. "काकू, लिथियम रॉकेलवर तरंगतंय. बाटली बाद करू का?"

बाद कसली करतोस! लिथियमची घनता 0.53, रॉकेलची 0.8च्या आसपास. बुडेल कसं ते? सोडियमची 0.97, म्हणून ते गुमान तळाशी बसतं. हे धातू हवेपासून लांब राहावेत म्हणून तर रॉकेलात बुडवायचे; तरंगणाऱ्या लिथियमला व्हॅसलीन चोपडून ठेव म्हटलं.

या बाटल्यांची फळी मी 31 वर्षं सांभाळली. मुलांना कौतुक फक्त सोडियम पाण्यात टाकण्याचं. मटाराच्या निम्म्याएवढा तुकडा, त्याची गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळते, सगळे "ओऽऽ" करतात. मला धास्ती पाण्याची नव्हती, पाण्याचा नळ लांब होता. हवेला कुठे लांब ठेवणार? सोडियम सुरीने साबणाच्या वडीसारखं कापलं जातं, कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता विटते.

ऑक्सिजनशी प्रत्येकाचं वागणं वेगळं. जाळलं तर लिथियमचा साधा ऑक्साइड होतो, सोडियमचा मुख्यतः पेरॉक्साइड, पोटॅशियमचा सुपरऑक्साइड, म्हणजे दर पायरीला धातूमागे जास्त ऑक्सिजन. हे वाक्य मुलं दोन मार्कांसाठी पाठ करतात. मी ते कपाटात पाहिलंय.

दिवाळीच्या सुट्टीआधीची आवराआवर चालली होती. मागच्या रांगेत पोटॅशियमची एक जुनी बाटली सापडली. रॉकेल अर्धंअधिक उडून गेलेलं, तुकड्यांवर पिवळी-नारिंगी पापडी. खरवडून टाकू म्हणून मी सुरी घेतली. "बाई, सुरी खाली ठेवा," आमचे विभागप्रमुख म्हणाले, तेही हळू आवाजात. एरवी हा माणूस चहा गार आला तरी ओरडायचा, म्हणून मी चटकन ठेवली. ती पापडी म्हणजे सुपरऑक्साइड. खाली धातू, भोवती रॉकेल, वरून सुरीचा दाब: तिथल्या तिथे स्फोट होऊ शकतो. बाटली वाळूच्या बादलीत बसवून मागच्या आवारात नेली. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर मी तारीख घालायला लागले.

गंमत म्हणजे हाच पदार्थ खाणकामगारांच्या बचाव-श्वसनयंत्रात वापरतात. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घेतो, ऑक्सिजन देतो. असेल बापडा गुणी. मला तो पिवळा रंग अजून आवडत नाही.

पोराचा पुढचा प्रश्न मात्र चांगला होता. सोडियमवर पांढरट थर येतो, मग लिथियमवर काळा का? कारण नेहमीच्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशी जमवून घेणारं सोडियम-पोटॅशियमच्या या घराण्यात ते एकटंच. त्याचा नायट्राइड होतो. म्हटलं, गॉगल घाल, काळा थर आलेला टिकलीएवढा कपटा पाण्यात टाक. नाक खुपसू नकोस, हाताने वारा घेऊन वास घे.

संध्याकाळी मेसेज आला: "काकू, मुतारीचा वास!!"

अमोनिया. नायट्राइड पाण्यात पडला की तोच सुटतो. बरोबर आलंय उत्तर.