सराफानच्या पलीकडचा रशिया

सेंट पीटर्सबर्गच्या नेव्स्की रस्त्यावर भेटवस्तूंच्या जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या काचेत कोकोश्निक मांडलेला दिसतो. कपाळावर अर्धगोल उभा राहणारा, लाल मखमलीचा आणि प्लास्टिकच्या मोत्यांचा मुकुट. पर्यटक तो डोक्याला लावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. रशियन पोशाख म्हणजे हा कोकोश्निक आणि त्याखाली सराफान, म्हणजे शर्टावर चढवायचा बिनबाह्यांचा लांब झगा, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग नेव्स्कीपासून चालत काही मिनिटांवर, इंजिनेरनाया रस्त्यावरच्या रशियन एथ्नोग्राफी म्युझियममध्ये आहे. 1923 साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय शेजारच्या रशियन म्युझियमच्या गर्दीत झाकोळलं जातं. गुलाबी संगमरवराचा दिवाणखाना बघून लोक परत फिरतात, पण तुम्ही तसं करू नका. थेट रशियन शेतकऱ्यांच्या दालनात जा.

तिथे मला पहिल्यांदा पोन्योवा दिसली. मॉस्कोच्या दक्षिणेला रयाझान, तुला, तांबोव, वोरोनेझ हा जो शेतीचा पट्टा आहे, तिथल्या लग्न झालेल्या शेतकरी बायका मुख्यतः सराफान घालत नसत, पोन्योवा नेसत. घरच्या मागावर विणलेल्या लोकरीचे पट्टे जोडून केलेलं हे वस्त्र कमरेभोवती गुंडाळून नाडीने आवळायचं. रंग गर्द निळा, जवळजवळ काळाच, आणि त्यावर पांढऱ्या धाग्यांच्या चौकड्या. आपल्या आजीच्या चौकडीच्या लुगड्याशी तिचं नातं सांगावंसं वाटतं, फक्त ही जाड आणि चांगलीच जड. काम करताना तिची टोकं उचलून कमरेला खोचत. चौकडीचा आकार, मधल्या रेघांचा रंग, खालच्या काठाची रुंदी गावागणिक बदलत असे, त्यामुळे जत्रेत बाई कुठल्या गावची ते लांबूनच ओळखू येई. डोक्यावर कोकोश्निक नाहीच. तिथे किच्का, पुढे चक्क दोन शिंगं असलेली, आणि मागे मानेवर रुळणारी रंगीत मण्यांची झालर. नेव्स्कीवरच्या एकाही दुकानात मला ती दिसली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दालनात खुर्चीवर बसून राखण करणाऱ्या एक आजी मघापासून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या वेणीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. मोबाइलवरच्या भाषांतरातून कळलं, ‘लग्न झालंय का, पोरी?’ मी मान डोलावली. त्यांनी दोन बोटं वर केली, मला हाताला धरून एका काचेपाशी नेलं आणि नीट समजावून सांगितलं. कुमारिकेची एकच वेणी पाठीवर मोकळी, डोक्याला नुसता पट्टा, माथा उघडा. लग्नाच्या दिवशी त्या वेणीच्या दोन वेण्या करायच्या, त्या डोक्याभोवती गुंडाळायच्या आणि केस पूर्ण झाकायचे. त्यानंतर परक्या माणसासमोर बाईचा केस दिसणं म्हणजे मोठी लाज.

मला तिथे अफनासी निकीतिन आठवला. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. आपल्या टिपणांत तो सुरुवातीलाच लिहितो की इथले लोक उघडे फिरतात, डोकं झाकत नाहीत आणि केसांची एकच वेणी घालतात. शाळेत असताना मला ते नुसतं कुतूहल वाटलं होतं. त्या काचेसमोर उभं राहिल्यावर कळलं, तो नेमकं तेच टिपत होता जे त्याच्या मुलखात माणसाकडे बघताना सगळ्यात आधी बघितलं जाई.

सगळ्यात जास्त वेळ मी शर्टांपुढे घालवला. तागासारख्या जाडसर लिननचा पांढरा शर्ट, बगलेत लाल कापडाचा चौकोनी तुकडा, हात उचलताना शिवण उसवू नये म्हणून. भरतकाम गळ्याला, मनगटाला, खालच्या घेराला. जिथे कापड संपतं आणि अंग सुरू होतं तिथेच, कारण वाईट नजर, रोगराई तिथूनच आत शिरते अशी श्रद्धा. गवतकापणीच्या पहिल्या दिवशी घालायचा शर्ट वेगळाच असे. त्यावर पोन्योवा नाही की सराफान नाही, फक्त कमरेला पट्टा, आणि शेताच्या मातीला लागणारा खालचा काठ सगळ्यात जास्त भरलेला. कष्टाच्या कामाला बायका आपला सर्वांत देखणा शर्ट घालून जात. सणाच्या पोशाखापेक्षा मला हे फार मोठं वाटतं.

मग जगाला फक्त कोकोश्निकच का माहीत? झार पीटर द ग्रेटने 1700 आणि 1701 च्या फर्मानांनी शहरातल्या लोकांना आधी हंगेरियन आणि मग जर्मन पद्धतीचे कपडे सक्तीचे केले. नमुन्यादाखल पुतळ्यांना कपडे चढवून ते वेशींवर टांगले. सूट होती ती शेतकरी आणि पाद्रींना, म्हणून जुना पोशाख गावांत टिकला. पुढे झार पहिल्या निकोलसने 1834 मध्ये दरबारी स्त्रियांच्या पोशाखाचे नियम घातले, त्यात कोकोश्निकच्या धर्तीचा शिरपेच आला. 1903 च्या हिवाळी राजवाड्यातल्या जुन्या रशियन वेषभूषेच्या नृत्यसमारंभाचे फोटो जगभर गेले. शिंगांची किच्का आणि लोकरीची पोन्योवा राजवाड्यात कधी पोहोचलीच नाही.

सराफानला कमी लेखायचं नाही. तो त्याच्या घरी, म्हणजे उत्तरेत, पाहावा. अर्खांगेल्स्कजवळच्या माल्ये कोरेली या उघड्या संग्रहालयात गावोगावची लाकडी घरं आणून उभी केली आहेत. त्या भागातल्या नद्यांमध्ये शिंपल्यांत मोती सापडत, आणि कार्गोपोलच्या कोकोश्निकांवर कपाळावर उतरणारी जाळी याच गोड्या पाण्यातल्या मोत्यांची असे. ते बारीक, थोडे वाकडे, मंद पांढरे मोती एकदा जवळून पाहिले की दुकानातला मुकुट हातात धरवत नाही.

आठवण म्हणून काही घ्यायचंच असेल तर शाल घ्या. मॉस्कोच्या कुर्स्की स्टेशनवरून लोकलने पावलोव्स्की पोसादला जाता येतं. 1795 पासून कापडाचं काम चालत आलेलं हे गाव, गुलाबांच्या छपाईच्या लोकरी शालींसाठी प्रसिद्ध. घेताना शंभर टक्के लोकर आहे ना ते लेबलवर बघून घ्या, आणि झालर हाताने गाठवलेली आहे का तेही विचारा. पीटर्सबर्गचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.